ट्रॅक्टर चालू होऊन बंद का पडतो?

हिवाळ्यातल्या पावसात उभा राहिलेला छोटा ट्रॅक्टर पेसाहच्या सुमारास सुरू केला की दोन-चार मिनिटे चालतो आणि गुदमरून थांबतो. लगेच आपण म्हणतो, पंप गेला. आमच्या मते पंपावर आळ घेण्याआधी टाकीपासून पाहावे. बहुधा इंजिनापर्यंत सोलरच पुरेसे पोहोचत नसते.

आधी टाकीचे झाकण सैल करा. त्याने ट्रॅक्टर चालत राहिला तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे, खर्च शून्य. नाहीतर फिल्टरखालची वाटी पाहा. अर्धी रिकामी टाकी थंड रात्री आतून घामेजते आणि ते पाणी तळाशी बसते. (तेल वर, पाणी खाली; आपल्या शनवार तेली पूर्वजांना हे सांगावे लागले नसते!) त्या पाण्यात जंतू वाढून काळा, चिकट गाळ होतो आणि फिल्टर तुंबतो. पाणी काढा, फिल्टर बदला. मग नळीत हवा राहते, ती काढल्याशिवाय इंजिन चालायचे नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबले की आवळावा.

मात्र इंजेक्टरची बारीक लोखंडी नळी गळते का, हे इंजिन चालू असताना बोटाने कधीही चाचपू नये. त्या दाबाने सोलर कातडीत घुसते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. तसे झाले तर उद्यावर न टाकता थेट मियुनमध्ये जावे आणि सोलर आत गेले आहे, असे स्पष्ट सांगावे.