हरणाचा टॅग कोणाला?

दाजीपूरचे जंगल ही कोल्हापूरच्या राजांची राखीव शिकारभूमी होती; १९५८ साली तेथे अभयारण्य झाले. देशातील परवान्यावरची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने संपली.

अमेरिकेत मात्र हरणांची शिकार चालते. मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी म्हणजे टॅग. कळप टिकेल अशा बेताने अनेक राज्ये टॅगांची संख्या ठरवतात. अर्ज जास्त आले, तर अनेक ठिकाणी सोडत काढतात.

पेठ वडगावच्या एखाद्या वर्गात आपण हे करून पाहू. मुले ४०, टॅग १०. म्हणजे संधी चारात एक. हुकलेल्यांना पुढच्या फेरीत जादा चिठ्ठी द्यावी, की आधी त्यांनाच टॅग द्यावेत? दोन्ही रीती तेथे वापरात आहेत. दुसरीत नवा अर्जदार मागेच राहतो. न्याय्य कोणती, हे मुलांनीच ठरवावे. टॅग मात्र १०च राहतात. कळप टिकतो तो या आकड्यामुळे.