कोरोनाकाळातील ऑनलाइन बँकिंग : वापर वाढला, समाधानाचे काय?



25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. बँका उघड्या होत्या, पण रांगेत उभे राहायचीच भीती होती. महिलांच्या जनधन खात्यांत 500 रुपये जमा झाले तेव्हा गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार पैसे काढण्याचे दिवस ठरवून द्यावे लागले.

मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय मात्र नवी नव्हती. यूपीआय 2016 मध्येच आले होते आणि एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास सुरू होते. दुकानेच बंद असल्याने एप्रिल 2020 मध्ये यूपीआयचे व्यवहार घटून सुमारे 100 कोटींवर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी 200 कोटींचा टप्पा ओलांडला.

पण वापर वाढला म्हणजे ग्राहक समाधानी झाला, असे होत नाही. अनेकांनी ही सेवा नाइलाजाने घेतली. पैसे झटकन पोहोचले की कोणी बँकेचे कौतुक करत नाही. खरी परीक्षा होते ती खात्यातून रक्कम कापली गेली आणि समोरच्याला मिळालीच नाही तेव्हा. अशा वेळी काय करायचे हे ठाऊक नसले, की माणूस पुन्हा रोखीकडे वळतो.

म्हणून या गोष्टी घरातल्या सगळ्यांना माहीत हव्यात :

1. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेली रक्कम अडकली, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे.
2. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर ती फसवणूकच समजा.
3. फसवणूक झाल्यास लगेच 1930 या क्रमांकावर आणि बँकेत तक्रार करा.

आज कितीतरी घरांत आजीआजोबांचा पिन नातवंडांनाच पाठ असतो. मुले मदत करतात हे चांगलेच. पण त्यामुळे आजीचे खाते आजीच्या हातात राहत नाही. तेव्हा मुलांना एक गृहपाठ द्या : आजीचा व्यवहार करून देऊ नका, तिला स्वतः करायला शिकवा. सुरुवात 1 रुपया पाठवून करा आणि खात्यातली नोंद तिलाच वाचू द्या. पैसे कुठे गेले हे स्वतःला कळले, की विश्वास आपसूक बसतो.