दरड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगरउतारावरची माती, मुरूम किंवा खडक स्वतःच्या वजनाने निसटून खाली येणे म्हणजे दरड कोसळणे. हिमालयातल्या हिमस्खलनाचे तत्त्वही हेच आहे. तिथे बर्फाचा जड थर खालच्या कच्च्या थरावरून घसरतो, तर सह्याद्रीत पाण्याने जड झालेली माती कातळावरून घसरते.

गैरसमज: दरडी घाटात कोसळतात, किनाऱ्यावरच्यांना त्यांची भीती नाही.
वस्तुस्थिती: पालघर जिल्ह्यातली दांडी, उच्छेळी, तारापूर ही किनाऱ्यावरची गावे सपाटीवर आहेत, पण हा जिल्हा डोंगराळही आहे. वसईच्या वाघरळपाड्यात 13 जुलै 2022 रोजी घरावर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. बोईसर-पालघरची तरुण मंडळी ऐन पावसाळ्यात आसावा, काळदुर्ग, अशेरी हे किल्ले चढतात. तेव्हा त्यांच्या पायाखाली आणि डोक्यावर असाच उतार असतो.

गैरसमज: पाऊस थांबला की धोका टळला.
वस्तुस्थिती: दरड सहसा एका सरीने कोसळत नाही, ती मुरलेल्या पाण्याने कोसळते. पाणी मातीतून झिरपून कातळावर किंवा दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावर अडते. तिथे त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. हे पाणी निचरायला वेळ लागतो, म्हणून उघडीप पडल्यावरही उतार घसरू शकतो. इर्शाळवाडी या वस्तीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली, त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणून त्या दिवसाच्या पावसाबरोबर आधीच्या दिवसांचा पाऊसही मोजायला हवा.

गैरसमज: उभा कडा सर्वांत धोक्याचा, मधला उतार सुरक्षित.
वस्तुस्थिती: उभ्या कड्यावर माती टिकत नाही, तिथून सुटे दगड येतात. मातीचा जाड थर साधारण 25 ते 45 अंशांच्या उतारावर साठतो आणि मोठी घसरणही तिथेच होते. त्यातही दोन सोंडांमधली खोलगट जागा वाईट, कारण माती आणि पाणी दोन्ही तिथे गोळा होतात.

गैरसमज: दाट झाडी असली की दरड येत नाही.
वस्तुस्थिती: मुळे वरची माती घट्ट धरतात, त्यामुळे झाडे राखणे गरजेचेच आहे. पण घसरण मुळांच्या खालच्या थरात सुरू झाली तर झाडांसकट सगळा उतार खाली येतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा खणला, तर वरच्या मातीचा आधारच निघून जातो.

गैरसमज: भूकंपाशिवाय डोंगर हलत नाही.
वस्तुस्थिती: डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले, त्यामुळे ही समजूत पालघर जिल्ह्यात पटकन पटते. धक्क्याने खडक सैल होऊ शकतात हे खरे आहे. पण माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी या तिन्ही ठिकाणच्या दरड दुर्घटना मुसळधार पावसातच घडल्या.

गैरसमज: दरडप्रवण गावांच्या यादीत नाव नाही, म्हणजे गाव सुरक्षित.
वस्तुस्थिती: इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. तिथे 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ता राहिले. यादीचा उपयोग आहेच, पण प्रत्येक पाड्याने आपल्या वरचा उतार स्वतः पाहायला हवा.

गैरसमज: दरड काहीच चाहूल देत नाही.
वस्तुस्थिती: पुष्कळदा खुणा आधी दिसतात. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडतात, झाडे आणि विजेचे खांब कलतात, दारे चौकटीत अडकू लागतात, नवे झरे फुटतात. ओहोळाचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा भर पावसात आटणे ही तर फारच गंभीर खूण आहे, कारण वर कुठेतरी मातीने प्रवाह अडवलेला असू शकतो.

यातली एखादी खूण दिसली तर रात्र होण्याची वाट न पाहता, उजेड असतानाच घर सोडावे आणि 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 क्रमांकावर कळवावे. किल्ल्यावर असताना खूण दिसली तर चढाई तिथेच थांबवावी. वरून गडगडाट ऐकू आला तर ओहोळाच्या पात्रातून खाली पळू नये, कारण दरडीचा राडारोडा त्याच वाटेने येतो. आडवे सरकून जवळच्या सोंडेवर चढावे.