सहा माणसांचा देश

मीरा-भाईंदर महानगरपालिकेचे चोवीस प्रभाग आहेत. २०११च्या जनगणनेतली आठ लाखांहून अधिक लोकसंख्या या प्रभागांत सारखी वाटली, तर एका प्रभागाच्या वाट्याला चौतीस हजारांच्या आसपास माणसे येतात. राई, मुर्धा, मोर्वा अशी खाडीकाठची गावे आणि त्यांना चिकटून वाढलेल्या वसाहती मिळून साधारण एवढीच वस्ती भरेल. इटलीच्या पोटात वसलेला सान मारिनो हा अख्खा देशही एवढाच आहे. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला या देशाने पाच खेळाडू पाठवले आणि तीन पदके घरी नेली. अशी बातमी आली की दर चार वर्षांनी आपल्याकडे एक हिशेब मांडला जातो : चौतीस हजारांत तीन, तर एकशे चाळीस कोटींत किती? हिशेब मांडणाऱ्याला थोडी शरम वाटते आणि थोडी गंमतही, मग विषय संपतो. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो. एकरी उतारा काढावा तशी माणसांमागे पदके निघत नाहीत. बहुक्रीडा स्पर्धांमध्ये देश लहान ठरतो की मोठा, ते खेळाडूच्या मागे कोण, किती वर्षे आणि कोणत्या नात्याने उभे राहिले यावर ठरते. याचा पुरावा शोधायला सान मारिनोपर्यंत जायला नको. आपला देशही ऑलिंपिकमध्ये शिरला तो एक लहान देश म्हणूनच, आणि शिरला तो पुण्याच्या दारातून.

१९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळवलेली दोन रौप्यपदके भारताच्या नावावर मांडली जातात. पण तो एकट्या माणसाचा प्रवास होता, त्याच्यामागे संघ नव्हता. संघ गेला तो १९२०मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पला. १९०६मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष तेव्हा सर दोराबजी टाटा होते. जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात त्यांनी शेतकरी कुळातली मुले अनवाणी धावताना पाहिली. या मुलांना शर्यतीचे नियम माहीत नव्हते, त्यांना कोणी शिकवलेले नव्हते, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या, असे दोराबजींनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या शब्दाने ऑलिंपिकचे दार उघडले. थोडे सरकारी पैसे, थोडी वर्गणी आणि बरेचसे टाटांच्या खिशातले अशी जुळवाजुळव होऊन सहा जण बोटीत बसले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी वगळता बाकीचे पाचही मुंबई इलाखा आणि दक्षिणेतली संस्थाने एवढ्याच टापूतले होते : धावण्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि हुबळीकडचे कैकाडी, कुस्तीत कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे.

त्या ऑलिंपिकमध्ये पाच कड्यांचा ध्वज पहिल्यांदा फडकला आणि खेळाडूंची शपथही पहिल्यांदाच झाली. गुलामीतला देश स्वतःच्या नावाने त्या मैदानात उतरला, हे राजकीय दृष्टीनेही मोठेच होते. पण मला निकाल जास्त बोलके वाटतात. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी पावणेत्रेचाळीस किलोमीटरचे, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त होते. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन ती २ तास ३२ मिनिटांत जिंकले. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. रणधीर शिंदे फेदरवेट गटात उपांत्य फेरीपर्यंत गेले, तिथे अमेरिकेच्या सॅम गर्सन यांच्याकडून हरले, मग कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या बर्नार्ड यांच्याकडून. चौथा क्रमांक! त्यांची सारी कुस्ती मातीतली होती, आणि गुणांवर चालणारी परक्या नियमांची कुस्ती अंगात भिनायला त्यांना उणेपुरे काही आठवडे मिळाले होते. हे सगळे पहिल्या फटक्यात आणि जेमतेम वर्षभराच्या तयारीवर झाले. माणसे कमी पडली नाहीत. कमी पडला तो काळ.

बत्तीस वर्षांनी हीच गोष्ट जवळजवळ तशीच पुन्हा घडली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटवरची कुस्ती त्यांनी खऱ्या अर्थाने पाहिली ती तिथेच. १९५२च्या हेलसिंकीसाठी पैशांची ओढाताण झाली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले आणि गावाने वर्गणी काढली. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या लांबलेल्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी जाहीर झाला. लहान देशाची लक्षणे ती हीच : खर्च कोणाच्या तरी उपकारावर, तयारी स्पर्धेच्या गावी, आणि आखाड्याच्या कडेला आपल्या बाजूने बोलणारा कोणी नाही. हेलसिंकीला गेलेल्या भारताची लोकसंख्या छत्तीस कोटी होती, याने त्यात काडीचाही फरक पडला नाही.

यावर कोणी म्हणेल की सान मारिनोची पदके ही पळवाट आहे. त्यांचा कांस्यपदक विजेता मल्ल माइल्स अमीन अमेरिकेत वाढला, मिशिगन विद्यापीठाकडून खेळला, आणि आईकडच्या नात्यामुळे सान मारिनोचा ठरला. आक्षेप खराच आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. चौतीस हजारांच्या देशाला कुस्तीची परंपरा उभी करता येत नव्हती, म्हणून जिथे ती होती तिथल्या आपल्या माणसाला त्याने हाक मारली. उरलेली दोन पदके अलेस्सांद्रा पेरिल्ली यांच्या नेमबाजीची, त्यांतले एक जान मार्को बेर्ती यांच्यासह मिश्र सांघिक प्रकारातले. पेरिल्ली २०१२मध्ये लंडनला बरोबरी फोडण्याच्या फेरीत हरून चौथ्या आल्या होत्या. त्यानंतरची नऊ वर्षे त्या नेमबाजी करत राहिल्या, आणि त्या देशाने त्यांना सोडले नाही. १९६०पासून २०२१पर्यंत सान मारिनोकडे एकही पदक नव्हते. बर्म्युडाच्या फ्लोरा डफी यांचेही तसेच. २००८च्या बीजिंगला त्यांना ट्रायथलॉन पुरीही करता आली नव्हती, सुवर्ण मिळाले ते चौथ्या ऑलिंपिकला, टोकियोत. रणधीर शिंद्यांचा चौथा क्रमांक आणि पेरिल्लींचा चौथा क्रमांक यांत कर्तबगारीचा फरक मला दिसत नाही. फरक पुढच्या नऊ वर्षांचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा. आपले खेळ वेगळे, मग परक्या मापाने स्वतःला का मोजायचे? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आम्हीही काही घेऊन आलो आहोत, हे जगाला सांगण्याची ती रीत होती. प्रात्यक्षिक करणाऱ्याला लोक टाळ्या देतात, पण पदकतक्त्यात त्याची नोंद होत नाही. तरीही हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही, कारण कबड्डीने त्याला पुढे सबळ उत्तर दिले. आगरी-कोळी वस्त्यांपासून गिरणगावातल्या मंडळांपर्यंत जो खेळ हुतुतू म्हणून रंगत असे, त्याचे नियम महाराष्ट्रातल्या संस्थांनी बांधून दिले, बुवा साळवींसारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, आणि १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. खेळ आपला असला की मोठेपण आपोआप मिळते, असे मानणाऱ्यांनी मात्र २०१८ची जकार्ता आठवावी. तिथे पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला आणि महिला संघ अंतिम फेरीत, तोही इराणकडूनच. इराणने आपला खेळ घेतला, आपलेच प्रशिक्षक घेतले आणि वर्षानुवर्षे त्यावर काम केले. राई-मुर्ध्याच्या मैदानातला चढाईपटू तेहरानच्या चढाईपटूपेक्षा उपजत कमी असतो, असे म्हणण्याला काहीही आधार नाही. त्याच्यामागे मंडळ असते, गणपतीच्या दिवसांतले सामने असतात, चषक असतो. हंगाम संपल्यावर काय असते, एवढाच प्रश्न आहे.

हंगामापलीकडचे काही असेल तर काय घडते, याचे उदाहरण १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला दिसले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह तिसरे आले. खाशाबांनंतर मराठी खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनंतरचे. वर्तमानपत्रांनी बहात्तर हा आकडा मोठ्या टायपात छापला. मला पंधरा हा आकडा महत्त्वाचा वाटतो. कुसाळे २००९मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, २०१५मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागले, आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना मिळत राहिले. यांतले काहीही उपकार म्हणून आलेले नव्हते. १९२०च्या संघामागे एक वर्ष होते, १९५२च्या खाशाबांमागे दोन ऑलिंपिकमधली चार वर्षे, कुसाळ्यांमागे पंधरा. कोल्हापुरात त्याआधी तेजस्विनी सावंत २०१०मध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या, २०१८च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी सुवर्ण जिंकले होते. नेमबाजीला शहरात नाव आले होते, पालक तिला ओळखू लागले होते.

एका माणसावरून नियम काढता येत नाही, हे कबूल. पण इतर नावे पाहिली तरी तोच धागा निघतो. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिले सुवर्ण देणारे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले होते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाले. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकून त्यांनी केनियाची मक्तेदारी मोडली, पुढच्याच वर्षी आशियाई सुवर्ण मिळवले. मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून धावपटू येतात ते चिवटपणामुळे, असे लिहिण्याची आपल्याकडे फॅशन आहे. चिवट माणसे त्या भागात लाखो आहेत. पगार, खुराक आणि रोजचा सराव मिळाला तो पलटणीत गेलेल्याला.

आता सर्वांत अवघड आक्षेप. पाठबळ हेच कारण असेल, तर कुस्तीला ते महाराष्ट्रात कधी कमी होते? शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, गावोगाव तालमी आहेत, जत्रेच्या फडांत लाखांची इनामे लागतात. मग खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मल्लाला ऑलिंपिक पदक का नाही? माझ्या युक्तिवादाला इथे खरी धार लावावी लागते. पाठबळ होते आणि भरपूर होते, पण ते दुसऱ्याच कुस्तीला होते. १९६१पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीचा मान राज्यातल्या कोणत्याही मल्लाला सर्वोच्च वाटतो आणि त्यात गैर काही नाही. चांदीची गदा, मोटारगाडी, गावागावांत नाव. मॅटचा विभाग या स्पर्धेत आता आहे, त्यामुळे माती विरुद्ध मॅट हा जुना वाद निम्मा मिटला आहे. वजनाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. भारताला कुस्तीत आजवर मिळालेली सगळी ऑलिंपिक पदके हलक्या गटांतली आहेत : खाशाबा ५७ किलो, सुशीलकुमार ६६, योगेश्वर दत्त ६०, साक्षी मलिक ५८, रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५, अमन सेहरावत ५७. महाराष्ट्रातही आंतरराष्ट्रीय यश मिळवणारे राहुल आवारे हे बीड जिल्ह्यातले मल्ल हलक्याच गटातले, २०१८चे राष्ट्रकुल सुवर्ण ५७ किलोंत, २०१९चे जागतिक कांस्य ६१ किलोंत. साठ किलोंच्या मल्लाला आपल्या फडात मान आहे, पण तो मुख्य कुस्तीच्या आधी लागणाऱ्या जोडीतला. म्हणून हुशार वस्ताद मुलाचे वजन वाढवतो, आणि मुलाच्या पोटापाण्याचा विचार केला तर तो बरोबरच करतो. महाराष्ट्र केसरीची गदा आजही ८६ किलोंच्या वरच्या मल्लांसाठीच ठेवलेली आहे.