वर्षातला शेवटचा रविवार, नोव्हेंबरात

ओबरलाउझित्स (जर्मनी), नोव्हेंबरअखेर

दुपारचे चार वाजले की इथे दिवस मावळतो. जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेकच्या सीमांना लागून असलेला हा झाक्सन राज्याचा कोपरा. झाडांवर पान राहिलेलं नाही, शेतं नांगरून काळी पडली आहेत आणि आठवडाभर ऊन दिसलं नाही तरी कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मी नगरकडचा. नोव्हेंबर म्हटलं की मला निरभ्र आभाळ, पोटरीत आलेली रब्बी ज्वारी आणि चर्चमध्ये चाललेली नाताळच्या गाण्यांची तालीम आठवते. इथला नोव्हेंबर मात्र गेलेल्या माणसांचा महिना आहे.

इथल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधी चार रविवार मोजायचे. त्यातल्या पहिल्या रविवारी, आगमनकाळाबरोबर, नवं वर्ष लागतं. त्याच्या अलीकडचा रविवार हा वर्षातला शेवटचा. त्याला टोटनझोन्टाग, म्हणजे मृतांचा रविवार म्हणतात. 1816 साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने तो आपल्या राज्यातल्या चर्चना नेमून दिला. नेपोलियनशी झालेल्या लढाया नुकत्याच संपल्या होत्या आणि घरोघरची माणसं गेलेली होती.

या रविवारच्या आदल्या आठवड्यात सगळं गाव कबरस्तानात असतं. शेजारच्या आजींबरोबर मीही गेलो. त्यांचे यजमान जुलैत वारले. आजींनी गुडघ्याखाली रबराची चटई घेतली, उन्हाळ्यात लावलेली बेगोनियाची सुकलेली रोपं उपटली आणि माती हाताने सारखी केली. मग पिशवीतून फरच्या फांद्या काढून त्या कबरीवर एकीवर एक अंथरू लागल्या, आपल्याकडे पावसाआधी छप्पर शाकारतात अगदी तशा. कशासाठी, असं मी विचारलं. ‘खाली कंद लावलेत,’ त्या म्हणाल्या, ‘थंडीने जायला नकोत. फेब्रुवारीत बघा तुम्ही, फुलं येतील.’

कबरस्तानाला जर्मनमध्ये एक जुना शब्द आहे, गोटेसआकर. त्याचा सरळ अर्थ देवाचं शेत. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. जे मातीत ठेवलं ते टाकून दिलेलं नसतं, पेरलेलं असतं. पुनरुत्थानावरचे किती उपदेश मी आजवर ऐकले, पण त्या फांद्या अंथरणाऱ्या हातांनी जे सांगितलं ते मला त्यांतून कळलं नव्हतं.

या भागातलं सगळ्यांत प्रसिद्ध ‘देवाचं शेत’ हेर्नहूटला आहे. मोराव्हियातून धर्मछळामुळे पळून आलेल्या लोकांनी 1722 साली काउंट त्सिन्त्सेन्डोर्फच्या जमिनीवर हे गाव वसवलं. तिथे टेकडीवर लिंडनच्या झाडांमधून कबरींच्या रांगा आहेत. मधल्या, काउंटच्या घराण्याच्या मोठ्या कबरी सोडल्या तर सगळे दगड जमिनीवर आडवे आणि साधे. बाकी सरदार असो की सुतार, मानाचा दगड कुणालाच नाही. 2024 साली हेर्नहूटचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि तो निर्णय आपल्या दिल्लीत भरलेल्या बैठकीत झाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हे सगळं वाचून इथले लोक फार भाविक असतील असं वाटेल, पण तसं नाही. झाक्सनमधले बहुसंख्य लोक आज कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. तरीही मृतांच्या रविवारच्या चारच दिवस आधी, बुधवारी, पश्चात्ताप आणि प्रार्थनेची सुट्टी येते. वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा सुरू झाला तेव्हा त्याचा खर्च भागवण्यासाठी 1995 पासून बाकीच्या राज्यांनी ही सुट्टी सोडली. झाक्सनने ती ठेवली. बदल्यात इथला नोकरदार त्या विम्यासाठी आपल्या पगारातून इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त भरतो. त्या दिवशी चर्च भरतात असं नाही. पण एक शांत दिवस पैसे मोजून राखावासा वाटणं, हे मला मोलाचं वाटतं.

रविवारी उपासनेत पाळकांनी वर्षभरात मातीत ठेवलेल्यांची नावं वाचली. नाव, वय, घंटेचा एक ठोका, एक मेणबत्ती. कुणाचं गुणगान नाही. आजींच्या यजमानांचं नाव आलं तशा त्या उठून पुढे गेल्या. वात काही पेटेना. पाळक थांबले, सगळी मंडळी थांबली. कुणी मदतीला धावलं नाही, कुणी खाकरलंही नाही. ज्योत धरली तेव्हाच पुढचं नाव आलं. आमच्याकडे वर्षाची प्रार्थना घरी ठेवतात, ती त्या कुटुंबाची असते. इथे एका बाईच्या दुःखासाठी अख्खी मंडळी गप्प उभी होती.

नाताळचा बाजार आणि रोषणाई या रविवारच्या आधी सुरू करायची नाही, असा जुना दंडक आहे. काही शहरं आता घाई करतात, ते मला पटत नाही. अंधारात प्रकाश आला, असं आम्ही नगरला दर नाताळात गात आलो. पण तिथलं डिसेंबरचं ऊन इतकं गोड, की अंधार कोणता ते विचारावंसंच वाटलं नाही. इथे तो चार वाजता दाराशी येतो.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घराघरांत हेर्नहूटची कागदी चांदणी लागते. मोराव्हियन लोकांच्या नीस्की इथल्या वसतिशाळेत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, भूमितीच्या तासाला मुलं ती बनवत. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील मिशनच्या कामाला दूरदेशी गेलेले असत. तिला पंचवीस टोकं असतात, सतरा चौकोनी बुडाची आणि आठ त्रिकोणी, आणि ती दरवर्षी नव्याने जोडायची असते.

काल शनिवारी आजींच्या ओसरीत ती मी टांगली. हे काम त्यांच्या यजमानांचं होतं. मी स्टुलावर, त्या खाली. जुन्या खोक्यातून एकेक टोक पुसून वर देत होत्या. खोक्यावर यजमानांच्या अक्षरात जोडायचा क्रम लिहिलेला होता. शेवटचं टोक बसलं तेव्हा बाहेर पूर्ण काळोख झाला होता. माझा हात बटणाकडे गेला.

‘उद्या,’ त्या म्हणाल्या.