आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. दिवसा दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या पट्ट्याच्या, नाटकाला गाणं लागतंच, आणि गाणं आलं की मागोमाग लाऊडस्पीकर आला. म्हणून साकोली, लाखांदूर, पवनी अशा तालुक्याच्या गावांत भोंगे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या हातांची परंपरा आहे. घरच्या घरी गिटारचा छोटा ॲम्प्लिफायर बनवू पाहणाऱ्याने या दुरुस्तीच्या दुकानांकडेच आधी वळावं, असं मला मनापासून वाटतं. सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीत मिळतील किंवा कुरिअरने घरपोच येतील. चांगला जुना स्पीकर मात्र हाताळून, ऐकूनच घ्यावा लागतो.

इलेक्ट्रिक गिटार हाती आली की पहिल्यांदा ती भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरला जोडून पाहिली जाते. आवाज येतो, पण दबलेला; मोठा केला तर कानाला टोचतो. याची कारणं दोन. गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तो अगदी दुबळा विद्युतसंकेत देतो आणि त्याच्यापुढे निदान पाच लाख ते दहा लाख ओहमचा रोध असावा लागतो. माइकच्या इनपुटला हा रोध दोन-तीन हजार ओहमच असतो. पिकअपवर असा भार पडला की स्वरातली चमक तिथेच विझते. दुसरं कारण भोंगा. तो माणसाचं बोलणं दूरवर पोचवण्यासाठी घडवलेला आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा, आणि इतकं खाली भोंगा उतरतच नाही.

गिटार ॲम्प्लिफायरची सुरुवातही रेडिओ दुरुस्तीतूनच झाली. लिओ फेंडर यांचं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या कंपनीचा ‘चँप’ हा सुमारे ५ वॉटचा, एका छोट्या स्पीकरचा ॲम्प्लिफायर शिकाऊ मुलांसाठी होता. पुढे तो मोठमोठ्या ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. घरच्या सरावाला अर्धा वॉटसुद्धा पुरतो. हे ऐकून पुष्कळांना खरं वाटत नाही, म्हणून स्पीकरचा हिशेब नीट समजून घेऊ.

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येईल. घरातल्या म्युझिक सिस्टिमचा वूफर साधारण ८६ डेसिबलच्या आसपास असतो, तर गिटारसाठी बनवलेला स्पीकर ९६ ते १०० च्या. हा दहाचा फरक किरकोळ नाही. दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, दर दहाला दहापट. म्हणजे ९६ चा स्पीकर अर्ध्या वॉटवर जितका वाजतो, तितकं वाजण्यासाठी ८६ च्या स्पीकरला पाच वॉट द्यावे लागतात. दहापट मोठा ॲम्प्लिफायर बांधण्यापेक्षा योग्य स्पीकर शोधणं कितीतरी स्वस्त.

जुन्या मालावर असं माहितीपत्रक नसतं. तिथे डोळे आणि बोटं कामाला लावायची. कोनाची कड पाहा. रबराची किंवा फोमची जाड गोल कड असेल तर तो वूफर: जड कोन, लांब हालचाल, खर्जाची हौस आणि संवेदनशीलता कमी. कड कागदाचीच, चुण्या पाडलेली असेल आणि कोन हलका, ताठ असेल तर तो आपल्या कामाचा. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो अलगद आत दाबा. घासल्याची खरखर आली तर आतली व्हॉइस कॉइल चुंबकाला घासते आहे. असा स्पीकर स्वस्तातही घेऊ नये. मग मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर कोन बाहेर उसळला पाहिजे. दोन स्पीकर एकत्र वाजवायचे असतील तर ही खूण दोघांवर सारखी हवी, नाहीतर ते एकमेकांचा आवाज खातात.

असे स्पीकर मिळतात कुठे? पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीतला अंडाकृती स्पीकर छोट्या सराव-पेटीला छान जमतो. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला कागदी स्पीकर तर सोनंच. फक्त तो रेडिओ स्वतः उघडू नका. व्हॉल्व्ह रेडिओत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात, बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात, आणि काही मॉडेलांत तर लोखंडी चासीच थेट मेन्सला जोडलेली असते. स्पीकर दुकानदाराकडून काढून घ्या. सार्वजनिक कार्यक्रमांच्या पेट्यांत बसणारे आठ, दहा किंवा बारा इंची कागदी कडेचे स्पीकरही उत्तम चालतात. गाडीतल्या स्पीकरच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. ते बहुधा ४ ओहमचे आणि कमी संवेदनशील असतात, शिवाय मधोमध ट्वीटर असतो. गिटारला ट्वीटर नको. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर आपणहून मंदावतो, आणि म्हणूनच ॲम्प्लिफायर फाटू लागला तरी तो आवाज गोड लागतो. ट्वीटर तीच फाटलेली कड जशीच्या तशी कानात ओततो.

आता सर्किट. नवख्याने एलएम३८६ या आठ पायांच्या आयसीपासून सुरुवात करावी. ९ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला ती अर्ध्या वॉटच्या वर देते. पण तिचा इनपुट रोध ५० हजार ओहमच आहे, आणि पुष्कळ नकाशांत तिच्यापुढे १० हजार ओहमचा व्हॉल्यूम थेट जोडलेला असतो. म्हणजे भजनी ॲम्प्लिफायरचा दोष इथेही आलाच. म्हणून मध्ये एक फेट (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) लागतो. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा बीएफडब्ल्यू१० चालेल. गिटारचा संकेत ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून गेटला द्या, गेटपासून ग्राउंडला १० लाख ओहम, सोर्सपासून ग्राउंडला १० हजार, ड्रेन सरळ ९ व्होल्टला. चौथा पाय धातूच्या टोपणाचा, तो ग्राउंडला. सोर्सवरून १ मायक्रोफॅरडमधून व्हॉल्यूमकडे, आणि व्हॉल्यूमच्या मधल्या टोकावरून आयसीच्या पाय ३ कडे. फेट आवाज वाढवत नाही, पिकअपवरचं ओझं फक्त उतरवतो.

आयसीचे पाय २ आणि ४ ग्राउंडला, ६ ला बॅटरी, आणि तिथेच बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १०० मायक्रोफॅरड. पाय ७ ते ग्राउंड १० मायक्रोफॅरड. पाय ५ हे आउटपुट. तिथून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकापुढे एक. हे गाळलं तर आयसी स्वतःशीच शिट्ट्या मारू लागते. स्पीकरकडे जाताना २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला तर ८ ओहमवर ९० हर्ट्झखालचा आवाज कमी होत जातो, म्हणजे जाड तारेचा पाया जरा ढिला पडतो. ४७० लावला तर ही सीमा ४२ हर्ट्झवर उतरते. लहान अंडाकृती स्पीकरला मी २२० च सुचवेन. त्याला झेपत नाही तो खर्ज त्याच्याकडे पाठवायचाच कशाला?

पाय १ आणि ८ मोकळे ठेवले तर आवाज २० पट वाढतो. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरड टाकला की २०० पट, आणि त्याच्यासोबत १.२ किलोओहम जोडला की ५० पट. दोनशेच्या मोहात पडू नका. त्यात घरघर आणि शिट्टीही तितकीच वाढते.

स्पीकर जोडण्याआधी मीटरने पाय ५ तपासा. तिथे बॅटरीच्या निम्मे, साडेचार व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लवकर मान टाकते. दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल कितीतरी जास्त टिकतात.

घरघरीवर भंडाऱ्याकडे स्वतःचा उपाय आहे. हे शहर पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. पितळी पत्र्याची एक पट्टी घ्या, व्हॉल्यूम आणि जॅक तिच्यात बसवा, आणि सगळे ग्राउंड तिच्यावर डाग देऊन जोडा. पितळेवर सोल्डर सहज धरतं, ॲल्युमिनियमवर धरत नाही. फेंडरच्या ॲम्प्लिफायरांतही नियंत्रणांच्या मागे अशीच पितळी पट्टी असायची.

राहिली पेटी. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवा, आवाज डबक्यासारखा उथळ लागेल. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो, आणि खालच्या स्वरांत या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना पुसतात. ८२ हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब असते, तिला आठ इंची स्पीकरला वळसा घालणं काहीच अवघड नाही. आता तोच स्पीकर मोठ्या प्लायवूडला भोक पाडून त्यावर धरा. आवाज तिथल्या तिथे भरतो. सराव-पेटीला १२ मिलिमीटरचा प्लाय किंवा पॅकिंगच्या खोक्याचं पाइन लाकूड पुरे. पाठ अर्धी उघडी ठेवली तर आवाज खोलीभर पसरतो, पूर्ण बंद केली तर खर्ज घट्ट होतो पण खोका मोठा लागतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने कागदी कोन सैल पडू शकतो, म्हणून पेटी जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

मंडईच्या मंचावर न्यायची वेळ आली तर ॲम्प्लिफायर मोठा करायची गरज नाही. स्पीकरसमोर चार बोटांवर साधा डायनॅमिक माइक उभा करा आणि त्याची वायर साउंडवाल्याला द्या. माइक कोनाच्या मधोमध रोखला तर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ. मधली जागा गाण्यागणिक बदलते, ती वाजवणाऱ्याने साउंडवाल्यासोबत नाटक सुरू होण्याआधी शोधून ठेवावी.