गरोदर माता आणि काढ्याचा पेला

सर्दी-पडशाला गवती चहा, पोटदुखीला ओव्याचे पाणी, घसा बसला तर ज्येष्ठमध आणि कणकण वाटली तर तुळस-सुंठीचा काढा, हे घरगुती उपाय महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. २०२० साली कोरोनाच्या साथीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व काळी मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली आणि या प्रथेला नव्याने उजाळा मिळाला. मात्र ती शिफारस सर्वसाधारण जनतेसाठी होती. निरोगी प्रौढ माणसाला जे मानवते, ते गरोदर स्त्रीला त्याच प्रमाणात मानवेलच असे नाही. “झाडपाल्याचेच तर आहे, त्याने काय अपाय होणार?” हा समज म्हणूनच तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

फांट वेगळा, काढा वेगळा

आयुर्वेदाने वनस्पतींच्या कल्पांचे स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच प्रकार सांगितले आहेत. गरम पाण्यात वनस्पती थोडा वेळ ठेवून गाळून घेतली की तो फांट होतो. वनस्पती पाण्यात घालून चतुर्थांश किंवा अष्टमांश पाणी उरेपर्यंत आटवली की तो क्वाथ, म्हणजे काढा होतो. पहिल्यात वनस्पतीचा अंश सौम्य असतो, तर दुसऱ्यात तो दाट असतो. काढा हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते, ही जाणीव आपल्या परंपरेतच आहे.

मातेच्या रक्तातील अनेक द्रव्ये वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे अवयव घडत असतात, त्यामुळे या काळात विशेष जपावे लागते. गरोदर स्त्रियांवर औषधी वनस्पतींची शास्त्रीय परीक्षणे फारशी झालेली नाहीत. यास्तव स्वयंपाकात चवीपुरते वापरले जाणारे प्रमाण ही सुरक्षिततेची सोपी मर्यादा मानावी.

काय चालेल, काय टाळावे

सुरुवातीच्या महिन्यांतील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा समावेश केला आहे. आल्याचा लहानसा तुकडा ठेचून गरम पाण्यात घालावा व ते पाणी घोट घोट घ्यावे. गवती चहाची एक-दोन पाती किंवा तुळशीची चार पाने स्वादापुरती घालण्यास सहसा हरकत नसते. मात्र तीच पाने मूठभर घेऊन, आटवून, रोज तीन वेळा घेणे योग्य नव्हे.

ज्येष्ठमधाबाबत अधिक सावध राहावे. त्यातील ग्लायसिरायझिन या द्रव्यामुळे रक्तदाब वाढू शकतो व शरीरातील पोटॅशियम कमी होते. बद्धकोष्ठावर सोनामुखी किंवा कोरफडीचा कडू चीक घरच्या घरी घेऊ नये. वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही ‘हर्बल’ चहांतही सोनामुखी असते, हे लक्षात ठेवावे. बाळंतकाढा हा नावाप्रमाणेच प्रसूतीनंतरचा आहे, तो गरोदरपणी घेऊ नये. दिवस भरले म्हणून कळा येण्यासाठी एरंडेल किंवा उष्ण काढे देण्याचा प्रकार तर कटाक्षाने बंद व्हावयास हवा. शतावरीसारखी औषधेही नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

चहा आणि लोहाची गोळी

आपल्याकडे गवती चहा बहुधा नेहमीच्या चहापत्तीबरोबरच उकळला जातो. त्यामुळे तो ‘औषधी’ वाटला, तरी चहाचे गुणदोष त्यात असतातच. चहातील टॅनिन अन्नातील व गोळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा स्थितीत जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर चहा घेणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा. लिंबू किंवा आवळा जेवणात असल्यास लोह अधिक शोषले जाते. चहा-कॉफीतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन पोटात जात असेल तर ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरा धोका विलंबाचा

काढ्यापेक्षाही मोठा धोका, काढ्यावर विसंबून गमावलेल्या वेळेचा असतो. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. अंगावरून रक्त जाणे, ताप येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास “आधी काढा देऊन पाहू” असे म्हणत रात्र घालवू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.

गावपातळीवरील कर्तव्य

घरात काढा कोणी करावयाचा, हे बहुधा सासूबाई किंवा आजी ठरवितात. त्यांच्या अनुभवाची अवहेलना न करता त्यांनाच या कार्यात सहभागी करून घ्यावे. ग्राम आरोग्य व पोषण दिन, महिला सभा आणि शाळेतील माता-पालक मेळावा ही त्यासाठी योग्य स्थाने आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी प्रत्येक गरोदर स्त्री तेथे पोहोचेल, हे पंचायत सदस्यांनी व आशा कार्यकर्तीने मिळून पाहावे. आपण घरी कोणता काढा किंवा चूर्ण घेतो, हे तिने परिचारिकेला न संकोचता सांगावे आणि परिचारिकेनेही ते न रागावता ऐकावे. रक्तदाब, मधुमेह अथवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर ही माहिती अत्यावश्यक होय.

आजीच्या बटव्याला आरोग्य केंद्राच्या तपासणीची जोड मिळाली, तर परंपरेचा मानही राहील आणि माता व बालक दोघेही सुखरूप राहतील.